काळ्या रंगाला भिऊ नका

हौशी चित्रकार आजीचे व्यक्तिचित्र करायला बसतो. नाक जमते, सुरकुत्या जमतात, आजी ओळखूही येते. तरी चित्र फिकेच. मग चेहरा उजळावा म्हणून तो पांढऱ्या रंगाचे हात देत राहतो आणि आजीने पावडर थापल्यासारखी दिसू लागते. त्याऐवजी चेहऱ्याशेजारी गडद रंग धीटपणे लावला असता, तर चेहरा आपोआप उजळला असता.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने १८७२ साली बेर्त मोरिझोचे व्यक्तिचित्र केले. ती स्वतः उत्तम चित्रकार. पुढे मानेच्या भावाची पत्नी झाली. जेमतेम ५५ बाय ४० सेंटिमीटरचे हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. काळी टोपी, गळ्याची काळी फीत आणि काळा पोशाख मिळून त्यात एकच ठसठशीत आकार झाला आहे. मागची भिंत फिकट, आणि मध्ये तो टवटवीत चेहरा! चित्राला ज्याचे नाव मिळाले, तो व्हायोलेट फुलांचा गुच्छही काळ्यात जवळजवळ बुडाला आहे. बेर्तचे डोळे हिरवे होते म्हणतात. मानेने तेही काळे केले. त्याचे तरुण मित्र तेव्हा काळ्या रंगाला रजा देत होते. मानेने मात्र तो सोडला नाही, हे बरेच झाले.

आपल्याकडे तर चंद्रकळा आहे. संक्रांतीला ती नेसलेल्या आजीकडे डोळे किलकिले करून पाहा. निऱ्या, बुट्टे दिसेनासे होतात, उरतो एक गडद आकार. आधी तेवढाच पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शाईने भरा. चेहरा नसतानाही नुसत्या त्या डागावरून आजीची बसण्याची ढब, उतरलेला खांदा, मांडीवरचा हात कळला पाहिजे. कळत नसेल तर डागाची कडा सुधारा. डोळे-नाक काढण्याची घाई नको.

ट्यूबमधला काळा एकटाच वापरला तर पुष्कळदा कोळशासारखा मरगळलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जिवंत काळा मिळतो. निळा वाढवला तर थंड, तपकिरी वाढवला तर ऊबदार. मात्र असे काळे तुकडे चित्रभर विखरू नका, नजर कुठेच ठरत नाही. चंद्रकळेचे काठ आणि बुट्टे अगदी शेवटी, तेही चेहऱ्यावरची नजर ढळणार नाही इतपतच.