पाणथळींचा नकाशा व काल्हेरची भातजमीन

काल्हेरकडील खाडीकांठीं पाणी कोठें साचतें याचा खरा हिशेब पावसाळ्यांतच लागतो. आणि नेमकें तेव्हांच ढगांमुळें वरून छायाचित्र निघत नाहीं. ही अडचण रडारनें दूर केली आहे. भारत व अमेरिका यांनीं मिळून ३० जुलै २०२५ रोजीं सोडलेला ‘निसार’ उपग्रह दर १२ दिवसांनीं त्याच भूमीवरून जातो व ढगांआडूनहि पाहतो. उघडें संथ पाणी त्याच्या चित्रांत काळें उमटतें. झाडोऱ्यांतलें पाणी, लहरी खोडांवर आपटून परतत असल्यानें, उजळ दिसतें. युक्ति नामी खरी! परंतु चिखलणीचें शेत कोणतें व दलदल कोणती, हें एका चित्रावरून कळत नाहीं. आणि भरती-ओहोटीची वेळ न जुळविल्यास तोच चिखल आज जल, तर उद्यां स्थल ठरतो. २०१७ च्या पाणथळ नियमांनीं भातशेतें वगळलीं आहेत. तेव्हां हा भेद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हे.

आमच्या मतें नकाशा व्हावाच. गोदामांच्या भरावानें पाण्याची वाट कोठें अडली, हेंहि तो भीडभाड न ठेवतां दाखवील. मात्र कायम करण्यापूर्वीं तो भरतीच्या वेळांशीं व गटनंबरांशीं ताडून ग्रामपंचायतींत लावावा. शेतकऱ्यांनींहि कोणत्या तिथीस भरतीचें पाणी बांधास लागतें, याची टिपणें आतांपासूनच ठेवावींत.