झाडूवालीचा पगार आणि ड्रायव्हरचं दुखणं



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या नाक्यावर एक कागद फिरत होता. मागणी साधी होती. कंत्राटी सफाई कामगारांना किमान वेतनाचा नवा दर द्या, मागचा फरक द्या. माझ्या आईने सही केली. ती बावीस वर्षं पहाटे पाचला झाडू घेऊन रस्त्यावर उभी राहते. तिच्या टोळीतल्या सगळ्या बायांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे दिले.

कचऱ्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरांनी मात्र सही केली नाही.

त्यातला एक आमच्याच गल्लीतला, माझ्या वर्गातला. त्याला नाक्यावर गाठलं आणि विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "मावशीचा पगार माझ्या पगाराला येऊन टेकला तर मी गाडी कशाला चालवू? लायसन मी काढलं, अपघात झाला तर जेलात मी जाणार, आणि पगार झाडूवालीच्या बरोबरीने? मग माझी किंमत काय राहिली?"

शेजारी किराणा दुकानदार उभा होता. त्यानेही तोंड घातलं. "पगार वाढवा, वाढवा! उद्या डाळ-तेल वाढलं की मग माझ्या नावाने बोंबा मारा."

मला राग आला. या माझ्या मित्राच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. आमच्या घरात आहे तोच. पण रागाने सही मिळत नाही. आपण चळवळीतली पोरं घोषणा देतो, मोर्चा संपला की वडापाव खाऊन घरी जातो, आणि नाक्यावरचे असले प्रश्न तसेच पडून राहतात. मग त्यांची उत्तरं मुकादम देतो. म्हणून हा खटाटोप.

आधी ड्रायव्हरचा प्रश्न घेऊ. तळाचा दर वाढला की त्याच्या वरच्याचं काय होतं?

पहिल्या पगाराला अंतर कमी होतं, हे खरंच आहे. लपवायचं कशाला? पण ते तसंच राहत नाही. उद्या झाडूला आणि स्टिअरिंगला जवळपास सारखाच पैसा मिळायला लागला, तर जोखमीचं काम घ्यायला कोण पुढे येईल? ड्रायव्हर दुसरीकडे जाईल, टेम्पो चालवील. मालकाला गाडी हलवायची असेल तर त्यालाही चार पैसे जास्त द्यावे लागतात. कायद्याने सांगितलेलं नसलं तरी द्यावे लागतात. तळाची पायरी उचलली की तिच्यावरच्या एक-दोन पायऱ्या अशा हलतात. खूप वर, मॅनेजरच्या केबिनपर्यंत, हा धक्का पोचत नाही. पण ड्रायव्हर, मदतनीस, हमाल, शिपाई यांच्यापर्यंत पोचतो. आणि जिथे युनियन आहे तिथे लवकर पोचतो, कारण तिथे मागायला तोंड असतं.

उलट बाजूने बघा. तळाचा दर जागच्या जागी राहिला तर ड्रायव्हर पगारवाढ मागायला गेल्यावर मुकादम काय म्हणतो? "झाडूवाल्यापेक्षा जास्तच मिळतंय की तुला!" म्हणजे आईचा कमी पगार हीच ड्रायव्हरला गप्प बसवायची काठी आहे. तो ज्या फरकाला कवटाळून बसलाय, त्याच फरकाने त्याला मारलं जातंय.

आणि हा फरक ठरवला कोणी? कुशल, अर्धकुशल, अकुशल ही उतरंड सरकारी दरपत्रकात छापून येते. पण कौशल्य कुणाला शिकू द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास काढा. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नसे. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला कमी पैशाची खाती आली. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. कामगार कामगार भाई भाई म्हणता, मग विणकाम खात्याचं दार बंद का? तेव्हा 'फरक' टिकवणारे गिरणीमालक होतेच, पण सोबतचे कामगारही होते. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे, असं बाबासाहेब सांगत आले ते हा अनुभव गाठीशी ठेवून. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी ठेवलं की पूर्ण उतरंड मोडायला कुणीच तयार होत नाही. माझ्या मित्राने जातीची उतरंड कधीच नाकारली. पगाराची मात्र तो उराशी धरून बसलाय.

हेही आठवा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना किमान वेतनाचं बिल मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं ते बाबासाहेबांनी, एप्रिल १९४६ मध्ये. १९४८ साली त्याचा कायदा झाला तेव्हा मजूर खातं जगजीवनराम यांच्याकडे होतं. हा कायदा आपल्या माणसांच्या हातून आलेला आहे. त्याची भीक मागायची नसते, वसुली करायची असते.

आता दुकानदाराचा प्रश्न. महागाई.

हिशेब मांडू. शंभर घरांची एक सोसायटी धरा. तिथे झाडूवाले, वॉचमन मिळून पाच माणसं. प्रत्येकाचा पगार महिन्याला तीन हजाराने वाढला. झाले पंधरा हजार. भागिले शंभर. घरामागे महिन्याला दीडशे रुपये. ज्यांच्या गाड्या पुसल्या जातात त्यांचं दीडशे रुपयांनी दिवाळं निघत नाही.

वडापावची गाडी घ्या. दिवसाला चारशे वडापाव विकले जातात, एक पोऱ्या कामाला आहे. त्याची रोजची मजुरी शंभर रुपयांनी वाढवली तर एका वडापावमागे पंचवीस पैसे पडतात. गाडीवाला भाव वाढवतो तेव्हा तो तेल, गॅस, बटाटा यांच्यामुळे वाढवतो, आणि वाढवतो तो पाच रुपयांनी. पोऱ्याच्या मजुरीचं नाव फुकट बदनाम.

हा नुसता माझा हिशेब नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. म्हणजे जवळजवळ १९ टक्के वाढ. कार्ड आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली बर्गरची हॉटेलं तपासली. पेनसिल्व्हेनियात दर वाढला नव्हता. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. खाण्याचे भाव मात्र वाढले, साधारण ४ टक्क्यांनी. मजुरी १९, भाव ४. यातल्या कार्डना २०२१ साली नोबेल मिळालं.

तेव्हा भाव अजिबात वाढत नाहीत असं मी म्हणत नाही. जिथे धंदाच माणसाच्या हातावर चालतो तिथे थोडे वाढतात, आणि ते थोडे आपल्यालाही मोजावे लागतात. एखादा छोटा दुकानदार पोऱ्याचे तास कमी करील, हेही होतं. पण भावाचा बोजा सगळ्या गिऱ्हाइकांवर थोडाथोडा वाटला जातो, आणि मजुरी थेट तळाच्या चुलीपर्यंत जाते. मालकाचा नफा वाढला, भाडं वाढलं, तेव्हा महागाईची बोंब कोण मारतं? गरिबाच्या ताटात भाकरी वाढली की लगेच अर्थशास्त्र आठवतं!

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. त्या काळ्या भावांची मजुरीची लढाई मात्र आपण फारशी वाचली नाही. तिथला किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. त्यातून शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या होत्या. म्हणजे काळ्यांची गर्दी होती तीच कामं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनवर जो प्रचंड मोर्चा गेला, त्याच्या मागण्यांत तासाला किमान दोन डॉलर आणि वगळलेल्या कामांना कायदा लावा, अशा दोन मागण्या होत्या. १९६६ साली कायदा सुधारला. बरेच शेतमजूर, हॉटेलं, लाँड्र्या, शुश्रूषागृहं, शाळा आत आल्या. या धंद्यांत काळ्या कामगारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश होते. २०२१ साली छापलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या कमाईतलं अंतर जेवढं घटलं, त्यातला पाचव्या भागाहून जास्त वाटा या एका सुधारणेचा होता. आणि काळ्यांच्या नोकऱ्या बुडाल्या नाहीत.

आपल्याकडेही १९४८ च्या कायद्याला यादी होती. यादीत धंदा असेल तरच किमान वेतन. २०१९ च्या वेतन संहितेने ती यादी काढली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कागदावर छान आहे. पण माझ्या आईचा धंदा आधीपासून यादीत होता. तरी काय व्हायचं? पगार बँकेत पूर्ण जमा. दुसऱ्या दिवशी मुकादम दारात, "वरचे परत दे." दिले नाहीत तर उद्यापासून हजेरी बंद. कंत्राटदाराने टेंडर खालच्या भावात भरलेलं असतं, त्याचा खड्डा तो बायांच्या पदरातून भरतो. ड्रायव्हरच्या पगारातूनही तो असाच काढतो. त्याच्या दृष्टीने झाडू आणि स्टिअरिंग यांत काही फरक नाही.

म्हणून मी एक केलं. त्या कागदावर आईच्या मागणीखाली दुसरी ओळ लिहिली : सफाई कामगारांचा दर ज्या प्रमाणात वाढेल त्याच प्रमाणात ड्रायव्हर व मदतनिसांचाही वाढवावा, आणि परत घेतलेली रोख रक्कम सर्वांना द्यावी. बायांनी पुन्हा सह्या केल्या. एकीनेही म्हटलं नाही की ड्रायव्हरला कशाला.

मित्राला कागद नेऊन दाखवला. त्याने दोनदा वाचला. "मावशी काय म्हणाली?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ही ओळ तिनेच सांगितली. तो काही बोलला नाही. सही अजून केलेली नाही. पण कागद त्याने परतही दिला नाही. चार दिवस झाले, तो त्याच्या गाडीत आहे.

तुमच्या वस्तीतही असा कागद असेल. नसेल तर तयार करा. पहिली ओळ तळाच्या माणसाची लिहा, दुसरी त्याच्या वरच्याची. ओळींचा क्रम बदलू नका.

जयभीम.