अकरावी कुठे करायची?

मस्कतहून पुतण्याचा फोन आला. "काकू, लेकीला अकरावीला सुरतेत आणतो. इथेच कोचिंग, पुढे इच्छानाथचं एसव्हीएनआयटी."

म्हटलं, थांब. आधी 'दासा' समजून घे. परदेशात शिकलेल्या मुलांना या वाटेनं एनआयटीत वेगळ्या जागा असतात. पण भारतीय पासपोर्ट असेल, तर अकरावी-बारावी परदेशातच झालेली लागते. इकडे आणलीस की ती वाट बंद! पूर्वी सॅटचे गुण चालत; 2021 पासून जेईई मेन द्यावीच लागते. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना यातच 'सीआयडब्ल्यूजी' कोटा आहे, त्यात फी इथल्या मुलांइतकीच. बाकीच्यांना सत्राला 4000 डॉलर! कोचिंग काय, ऑनलाइनही होतं. नियम मात्र दरवर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच, एजंटाच्या तोंडून नको.