मुळासाठी लावलेलं झाड



गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मागच्या पडवीत अश्वगंधा पेरली, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी देवदर्शनाहून आल्या आणि म्हणाल्या, "तुळस लाव, अडुळसा लाव, कोरफड लाव. जिचं मूळच खायचं, ती आपल्या दारात कशाला?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अडुळशाची चार पानं खुडली तरी झाड पुन्हा फुटतं. अश्वगंधा मात्र मुळासाठीच लावतात, आणि मूळ काढायचं म्हणजे अख्खं झाड उपटायचं. बटाटा, कांदा, आलं ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथे हे पेरायचं? तरीही मी पेरलं, आणि यंदाही पेरणार आहे. का, ते सांगते.

आमच्या ह्यांची झोप उडाली होती. वैद्यांनी अश्वगंधेचं चूर्ण दिलं, रोज 3 ग्रॅम, कोमट दुधातून, 45 दिवस. त्यांनी झोपताना घ्यायला सांगितलं होतं. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीही नसतं, म्हणून विचारून सांजेची वेळ ठरवून घेतली. चूर्णाची डबी दुकानातून आली आणि तिला कोणी हरकत घेतली नाही. सासूबाईंनीही नाही. वाळलेलं चालतं, जशी हळद चालते, सुंठ चालते. डबीवर झाडाचं सुंदर चित्र होतं. माझ्या मनात आलं, हे झाड मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

नात्यातले एक दीर शेती करतात, त्यांनी मूठभर बी आणून दिलं. मिरचीच्या बीपेक्षा लहान, चपटं, पिवळट. वांगी-मिरचीच्याच कुळातलं हे झाड. माती मी आधीच वाळवून ठेवली होती. ती हाताने चाळली, मुंगी-गांडूळ दिसलं की झाडणीने अलगद बागेत नेऊन सोडलं. निम्मी वाळू मिसळली, कारण या झाडाला सुपीक, ओलसर जमीन मानवत नाही. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे हिची मोठी शेती होते, तीही बरीचशी हलक्या जमिनीत. बी अगदी वरवर पेरलं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढंही खोल नाही, आणि वरून गाळलेलं पाणी शिंपडलं. नवव्या दिवशी पहिला हिरवा ठिपका दिसला. दोन आठवड्यांत तीस-बत्तीस रोपं झाली.

इथे पहिली अडचण आली. गर्दी झाली की जोमदार रोपं ठेवून बाकीची उपटून टाकायची, असं सगळे सांगतात. माझ्या हातून ते होईना. शेवटी आठ रोपं कुंड्यांत लावली आणि बाकीची मातीसकट दिरांच्या बांधावर पाठवली. चातुर्मास लागायच्या आत हे सगळं उरकलं, कारण त्यानंतर माती उकरायची नाही हा सासूबाईंचा नियम आहे आणि तो मला पटतो. पावसाळाभर कुंड्या पागोळ्यांपासून आत सरकवून ठेवल्या. जास्त पाण्याने हिचं मूळ कुजतं. ठिपक्यांच्या भुंग्यांनी दोन झाडांच्या पानांची चाळण केली. कडुलिंबाचा अर्क फवारा, असा सल्ला शेजारणीने दिला. अर्क झाडाचा असला तरी भुंग्यासाठी विषच ना! कागदावर झटकून ते मागच्या मोकळ्या रानात सोडत राहिले. झाडं जगली, जरा रोडावली एवढंच.

दिवाळीनंतर फळं धरली. चिरबोटीसारखा कागदी बुरखा आणि आत वाटाण्याएवढं लालबुंद फळ. जानेवारीच्या शेवटी पानं पिवळी पडून गळू लागली, म्हणजे मुळं तयार झाली. साडेसात महिने झाले होते. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. मी णमोकार मंत्र म्हटला आणि पहिलं झाड उपटलं. मुळाला खरंच घोड्याच्या अंगासारखा वास येतो, नाव उगाच पडलेलं नाही. सहा झाडं उपटली. दोन उपटवली नाहीत.

मुळं धुऊन, तुकडे करून वाळवली आणि काट्यावर ठेवली, तर 36 ग्रॅम भरली. एका झाडाचं 6 ग्रॅम, म्हणजे ह्यांचा दोन दिवसांचा डोस. 45 दिवसांना 135 ग्रॅम लागतात, म्हणजे माझ्या हिशेबाने बावीस-तेवीस झाडं. शंभर ग्रॅमची एक डबी म्हणजे सोळा-सतरा झाडं. शेतकऱ्याच्या रानात हिशेब थोडा वेगळा येईल, पण डबी उघडताना मी हा आकडा कधी मनात आणलाच नव्हता.

आपल्या पाठशाळेत लहानपणीच शिकवतात की हिंसा कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी लागते. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि केलेल्याला मान्यता दिलेली. हे आपण मुलांना म्हणून दाखवतो आणि मग किराणा दुकानात विसरतो. वाळलेलं मूळ अचित्त आहे हे खरं, पण ते वाळण्याआधी कोणीतरी जमिनीतून ओढलेलं असतं, आणि पैसे मोजून आपण ते ओढायला लावलेलं असतं. हळद-सुंठेलाही हेच लागू आहे. ती बंद करा असं मी म्हणत नाही, माझ्याही डब्यात दोन्ही आहेत. पण दारात झाड नाही म्हणून आपला हात स्वच्छ, हे मला आता म्हणवत नाही.

एका मैत्रिणीने सोपी वाट सुचवली. "मूळ कशाला, पानं वापर ना, झाड जगेल." मलाही आधी ते फार आवडलं होतं. पण परंपरेने पोटात घ्यायचं औषध मुळाचंच आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानेही औषध कंपन्यांना अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा, अशी सूचना दिली होती. म्हणजे ती पळवाटही बंद.

माझं मत असं झालंय की वैद्यांनी आजारासाठी सांगितलं तर जरूर घ्यावं, त्यात संकोच नको. पण कोरोनापासून घरोघरी "शक्ती यावी" म्हणून जे चमचे-चमचे चूर्ण चाललंय, मुलांच्या दुधातसुद्धा, ते थांबवायला हवं. (गरोदर बायकांनी आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.) आणि ज्यांच्या घरात ते नियमाने लागतं, त्यांनी एकदा तरी बी पेरून पाहावं. स्वतः वाढवलेलं उपटताना हात आपोआप आखडतो. आमच्या घरात तरी आखडला. ह्यांनी पुन्हा वैद्यांना भेटून विचारलं, डोस एकदम बंद न करता निम्मा केला, आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवायला लागले. झोप पुष्कळ सुधारलीय. त्यातलं किती चूर्णामुळे आणि किती मोबाइलमुळे, हे वैद्यांनाही सांगता आलं नाही.

सासूबाईंचा एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. त्या म्हणाल्या, "शेतकऱ्याचा तो उद्योग आहे, पोटासाठी आहे. तू तर बी पेरतानाच उपटायचं ठरवलंस. गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, पण संकल्पी सोडायला सांगितलीय. हा संकल्प नव्हे तर काय?" मी म्हटलं, "संकल्प औषधाचा होता, मारण्याचा नव्हता." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माताजी आल्या की विचारू." यंदा गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास आहे, तेव्हा विचारणार आहोत.

जी दोन झाडं ठेवली, ती अजून उभी आहेत, जुनी पानं गळून बुंध्याला नवी फुटलीत. त्यांना आता सासूबाईच पाणी घालतात. गळलेली फळं वेचून, चोळून, बी राखेत घोळवून त्यांनीच काचेच्या बाटलीत भरलंय. कोणाला हवं असेल तर कळवा, चिमूटभर पाठवीन. पण मृगाच्या आधी मागा, नंतर ते उगवून येण्याची खात्री नाही, आणि चातुर्मासात आमच्याकडे माती उकरायची बंदी आहेच.