तिचा चहा तिला करू द्या

पाऊस सुरू झाला की गोव्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या दरवर्षी दिसतात. शस्त्रक्रिया होते. बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट येऊन खाटेच्या कडेला बसवतो, वॉकर धरून उभं करतो. बघणाऱ्यांचाच जीव घाबरा होतो!

घरी आणलं की मात्र आपली माया आडवी येते. "आई, तुम्ही उठू नका, मी आणते." पाण्याचा तांब्या हातात, ताट खाटेवर. असं पडून राहिलं की मांडीचे स्नायू झपाट्याने झिजतात, छातीत कफ साचतो, पाठीला व्रण पडतात. शिवाय पडण्याची भीती मनात घर करते ती वेगळीच. ही सेवा माणसाला कायमचं परावलंबी करते, असं माझं स्पष्ट मत आहे. (सुनेला दोष देऊ नये, गाव काय म्हणेल ही धास्ती तिलाच असते.)

त्यापेक्षा घराकडे बघा. आपल्या जुन्या घरांत उंबरठे उंच, न्हाणी खोलगट आणि निसरडी. न्हाणीत भिंतीला पक्का दांडा, बसायला स्टूल, उंबरठ्याला उतरती फळी... गवंडी-सुताराचं थोडंसं काम. पायऱ्यांचा नियमही सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

आणि चहा तिचा तिला करू द्या. अर्धा तास लागला तर लागू दे, तुम्ही दारात उभे राहा. मोडक्या पायावर किती भार टाकायचा, तेवढं डॉक्टरांना आधी विचारून घ्या.