ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी घरात हिशोब मांडा



दिवाळीच्या सुट्टीनंतर अकरावीतील एक विद्यार्थी वडिलांसह आमच्या कार्यालयात आला. वडील उधन्यात लूमवर कामाला आहेत. मुलाने दोन वर्षे साठवलेले पैसे आणि वडिलांच्या बोनसमधली भर, असे मिळून गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घेतले होते. कार्डाला १७० वॅट लागत होते आणि घरचा जुना, ऑफिसातून आलेला संगणक २४० वॅटच्या पॉवर सप्लायवर चालणारा. दुकानदाराने जोडवायर लावून दिली. घरी गेम सुरू केला की संगणक बंद! आता कार्ड परत घ्यायला दुकानदार तयार नाही. वडील म्हणाले, "सर, पोरगा खेळतो याचा राग नाही. पण पैसे वाया गेले."

आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो आणि संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो तिशीनंतर. म्हणून संगणक-शिक्षकांकडून व जाणत्या विद्यार्थ्यांकडून हा विषय समजून घेतला. "गेम वाईट, कार्ड नको" एवढे सांगून आता भागणार नाही, असे आमचे मत झाले आहे. मूल खर्च करणारच असेल, तर तो कसा करावा हे शिकवणे हेही शाळेचेच काम आहे.

सुरतच्या माणसाला खरे तर हे शिकवायला नको. रिंग रोडच्या मार्केटमध्ये आपण पेटीवरचे चित्र पाहून साडी घेत नाही. कापड बोटांत धरून पाहतो. कार्डाचे नाव म्हणजे पेटीवरचे चित्र. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने दुसरे आले, त्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जवळपास एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० हे २०२२ मध्ये ८ जीबीचे होते. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे आले, ते ताकदीने कमी. मात्र या दुसऱ्याला साधारण ७० वॅटच पुरतात आणि बहुतेक वेळा वेगळी वायरही लागत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकाला हे "कमी" कार्डच शोभले असते!

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी खेळायचे गेम कागदावर लिहावेत. व्हॅलोरंटसारखा गेम हलका असतो. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. त्यावर असे गेम चालतात, कार्डाचा खर्चच वाचतो. मग मॉनिटर पाहावा. घरात साधा १०८० पिक्सेलचा पडदा असताना ४के साठीचे कार्ड घेणे म्हणजे गल्लीत चालवायला ट्रक घेणे. अशा पडद्याला ८ जीबी मेमरीचे कार्ड बहुतेक गेमना पुरते; नव्या मोठ्या गेमना काही ठिकाणी ती कमी पडू लागली आहे. त्यानंतर पॉवर सप्लायवरचा आकडा वाचावा, आणि कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का तेही मोजावे. दुकानात जायचे ते या सर्वांनंतर.

जुने कार्ड घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. २०२१ मध्ये कार्डांची टंचाई होती. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक रात्रंदिवस कार्डे चालवत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती पद्धत बंद झाली आणि अशी राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. काही ठग तर २०१० च्या जीटीएस ४५० चिपवर जीटीएक्स १०५० टीआय हे नाव चढवून विकत. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम असे अनेक खोटे कार्ड ओळखतो. दुकानातच तो चालवून पाहावा, अर्धा तास गेम लावावा, पंख्याचा आवाज ऐकावा. बिल व वॉरंटी सिरियल नंबरसह मागावी. आणि ज्यांच्या घराजवळ लूम चालतात त्यांनी पंख्यांत साचणारी धाग्यांची धूळ वेळोवेळी साफ करावी.

विद्यार्थ्यांना एक कळकळीची सूचना. "अभ्यासाला लागते" असे खोटे सांगून कार्ड घेऊ नका. डिझाइन किंवा थ्रीडी शिकत असाल तर जरूर सांगा. गेमसाठी हवे असेल तर गेमसाठी म्हणा. डबल पाळी करणाऱ्या वडिलांना खरे कारण ऐकण्याचा हक्क आहे. पालकांनीही, मूल खरे बोलले तर ओरडू नये. वही घेऊन शेजारी बसावे, रक्कम ठरवावी. हप्त्यावर मात्र खेळ नको.

विश्वस्त मंडळास विनंती की, महिन्यातून एक शनिवार दुपारी संगणक कक्ष यासाठी खुला ठेवावा. संगणक दुरुस्तीच्या कामात असलेले आपले माजी विद्यार्थी तेथे बसून, खरेदीपूर्वी मुलांचा हिशोब तपासून देतील. त्या विद्यार्थ्याला हे आधी सांगणारे कोणी भेटले नाही. दुसऱ्यावर तशी पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा.