व्यसन : एक शब्द, दोन अर्थ

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वाईट नाद. दुसरा म्हणजे संकट, आपत्ती. ३४ वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवताना हे मला दर वर्षी फळ्यावर लिहून द्यावं लागे. व्यसनात साथ देतो तोच खरा मित्र, अशा अर्थाचं सुभाषित आलं की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. मुलांच्या डोळ्यांसमोर गुत्ता उभा राहायचा ना!

मराठीनं यातला एकच अर्थ जवळ ठेवला. ‘व्यसनी’ म्हटलं की आपल्याला माणसाचा दोष दिसतो, त्याच्यावरचं संकट दिसत नाही. गेली काही वर्षं मेंदूविषयी जे वाचते आहे, त्यातून मला वाटू लागलंय की हरवलेला दुसरा अर्थ विज्ञान आपल्याला परत आणून देतंय. तो घ्यायला हवा, पण पहिला टाकून नव्हे. आजचं लिखाण त्याबद्दल.

मी काही डॉक्टर नाही. साधी मराठीची बी.ए. पण वर्गात शिकवायच्या सवयीमुळे, स्वतःला समजलं तेवढं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या मेंदूत मज्जापेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात, मायक्रोग्लिया. स्पेनच्या पीओ देल रीओ ऑर्तेगा या शास्त्रज्ञानं १९१९ साली त्या वेगळ्या ओळखून त्यांना हे नाव दिलं. शरीराच्या प्रतिकारशक्तीचे हे मेंदूतले शिपाई. मला त्या पूर्वीच्या गावच्या जागल्यासारख्या वाटतात. सतत फेऱ्या मारायच्या, कचरा उचलायचा, जंतू दिसला की आरोळी ठोकायची. मज्जापेशींमधले नको असलेले जोड छाटायचं कामही त्या करतात. आरोळी ठोकतात म्हणजे काही रसायनं सोडतात. त्यातून जे होतं त्याला डॉक्टर मेंदूतली सूज म्हणतात. ही सूज माझ्या गुडघ्यासारखी टम्म फुगलेली नसते, पेशींच्या पातळीवरची असते. जागल्या रात्रंदिवस ओरडतच राहिला तर गावाला झोप कशी लागणार? तसंच काहीसं.

याचा मनाशी काय संबंध? दोन उदाहरणं देते. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हा प्रतिकारशक्तीचाच एक निरोप्या. ही इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत, कितीतरी रुग्णांना चांगलंच नैराश्य येई. त्यांचं मन एकाएकी कमकुवत झालं होतं का? नाही, औषध टोचलं होतं. दुसरं उदाहरण २००७ सालचं. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक आजार शोधून काढला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एका ग्राहकावरच हल्ला करते. चांगली धडधाकट तरुण मुलगी अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागते, तिला भास होतात, फिट येते. आपल्याकडे बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावायला नेतील अशी सगळी लक्षणं. वेळेवर निदान होऊन प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार मिळाले तर यातल्या बहुतेकजणी सुधारतात.

आता दारू. दारूनं आतड्याचं अस्तर झिरपू लागतं, जंतूंचे विषारी अंश रक्तात उतरतात आणि प्रतिकारशक्ती चवताळते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फुल्टन क्रूज यांच्या गटानं दारूचं व्यसन असलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. सूज आणणाऱ्या रसायनांपैकी एक तिथे जास्त आढळलं, असं त्यांनी २००८ साली मांडलं. ही सूज ओढ वाढवते, ओढीनं माणूस पितो, पिण्यानं सूज वाढते, असं हे चक्र असावं असा अनेक संशोधकांचा कयास आहे. पण चित्र इतकं सरळ नाही बरं का! २०१७ साली जिवंत रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा या पेशींची खूण उलट कमीच दिसली. म्हणजे जागल्या कधी ओरडतो, तर कधी थकून गप्प बसतो की काय, कोण जाणे.

हे सगळं मी आत्ताच का लिहिते आहे? माझ्या एका भाचीचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, दारू आणि नैराश्य या दोन्हींतून वर यायची धडपड करतो आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे. त्याच्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत, आणि दोन्ही पक्षांतली मंडळी हे वाचतील याची मला कल्पना आहे. वाचाच!

पहिला पक्ष म्हणतो, “मनाचा खंबीरपणा नाही. चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल.” या मंडळींना एवढंच सांगेन की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, माणूस बरळू लागतो, जिवावरही बेतू शकतं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ साली जाहीर झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं तिच्यात दिसलं. बाकीच्या ३७ जणांना काय मिळालं असेल? बहुधा उपदेश.

दुसरा पक्ष नवा आहे, मोबाइलवर वाचणारा. “मेंदूला सूजच आहे ना? मग त्या गोळ्या बंद करा, हळदीचं दूध द्या. त्याचा बिचाऱ्याचा काही दोषच नाही, समुपदेशन तरी कशाला?” हळदीशी माझं वैर नाही, बोट कापलं तर मीही दाबते. पण सूज उतरवली की मन बरं होतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २०१३ साली नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज रोखणारं जोरदार औषध वापरून पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर खोट्या औषधापेक्षा फायदा नाही. ज्यांच्या रक्तात मुळातच सूज जास्त होती, त्यांना काहीसा गुण आल्यासारखा दिसला. स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या रुग्णांना मिनोसायक्लिन वर्षभर देऊन पाहिलं, २०१८ साली निष्कर्ष आला, उपयोग नाही. एवढ्या औषधांनी जे साधलं नाही ते कपभर दुधानं साधेल म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या थांबवायच्या? नैराश्याच्या गोळ्या मनानं बंद करणं धोक्याचं असतं. तेवढं कृपा करून नको.

मला दोन्ही अर्थ एकत्र हवेत. व्यसन हे संकट आहे, म्हणून औषध हवं, माया हवी, दवाखान्याचा खर्च लाज न बाळगता करायला हवा. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांतून येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत, आणि विम्यात शरीराचा आजार नि मनाचा आजार असा भेद करू नये असं म्हटलंय. आणि व्यसन हा नादही आहे, म्हणून सकाळी उठून आज प्यायची नाही हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात दारूतून बाहेर पडलेली माणसंच पुढे इतरांना हात देताना दिसतात. दोन्ही अर्थ त्यांना पुस्तकाशिवाय कळलेले असतात.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. भेटलात की माझ्या गुडघ्याची चौकशी सगळे करता, तेल सुचवता, डॉक्टर सुचवता. त्याचीही तशीच चौकशी करा, आवाज खाली न आणता. गोळ्या वेळेवर घेतोस ना, एवढंच विचारा. आणि लग्नकार्यात “आजच्या दिवस एकच घे रे” असा आग्रह मात्र कुणीही करू नका.